क्रोशाच्या सुईचा नंबर
क्रोशाच्या सुईचे माप म्हणजे तिच्या दांड्याची जाडी. सुईच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. मिलिमीटरमध्ये ही जाडी थेट कळते. घोटाळा होतो तो बाकीच्या पद्धतींमुळे. अमेरिकेत लोकरीच्या सुयांवर अक्षर आणि नंबर असतो, आणि नंबर वाढला की सुई जाड होते: ‘एच-८’ म्हणजे ५ मिमी. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नेमके उलट. तिथली ८ नंबरची सुई ४ मिमीची. त्यात भर म्हणजे, बारीक दोऱ्याच्या लेससाठी असलेल्या अमेरिकी पोलादी सुयांची गणती आणखी वेगळी, आणि तीही उलटीच: १४ नंबरची सुई एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. शिवाय एकाच नंबरची जाडी उत्पादकागणिक थोडी बदलते. परदेशी नमुना विणायला घेताना नंबरावर विसंबू नये, मिलिमीटरच पाहावेत.