एकमेकींना जामीन

१९७४ सालचा मुंबईतला गिरणी संप ४२ दिवस चालला. पगार बंद होता, पण करी रोड, लालबाग, परळच्या चाळींतल्या खाणावळी चालू राहिल्या. संपाच्या इतिहासात सभा नोंदल्या गेल्या, मोर्चे नोंदले गेले, पुढाऱ्यांची भाषणं नोंदली गेली. त्या दिवसांतली भाकरी कुणी थापली आणि पिठाचे पैसे कुणी भरले, याकडे लक्ष गेलं ते प्रेमा पुरव यांचं. कामगार चळवळीत वावरताना त्यांना दिसलं की संप मिटला, माणसं साच्यांवर परतली, पण त्यांना जेवू घालणाऱ्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात तशाच अडकून राहिल्या आहेत. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

धंद्यात माणुसकीला आणि सहकार्याला जागा आहे का, या विषयावर हल्ली मोठ्या हॉटेलांच्या सभागृहांत व्याख्यानं होतात. मी ती आवडीने ऐकतो. मात्र उदाहरणं हमखास अमेरिकेतली, नाहीतर जपानमधली. करी रोड स्टेशनातून बाहेर पडून भारतमाता सिनेमाच्या दिशेने चालू लागलं की आपलं स्वतःचं उदाहरण भेटतं, आणि माझ्या मते ते या सगळ्यांहून भक्कम आहे. गेली कित्येक वर्षं मी या खाणावळींच्या मागे आहे. जुन्या चाळींत जाऊन बसतो, जेवू घालणाऱ्यांना आणि जेवून गेलेल्यांना बोलतं करतो. म्हणून हा लेख खाणावळीभोवतीच फिरणार आहे.

गिरणगावाची पार्श्वभूमी बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे ती भराभर सांगतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढण्याचा घाट घातला. पुढच्या काही दशकांत ताडदेव-भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून, पुणे-नगरकडून माणसं आली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. सविस्तर वाचायचं असेल तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून गोळा केलेला गिरणगावाचा इतिहास वाचावा.

आता खाणावळ. गिरणीत येणारा माणूस बहुधा एकटा यायचा. बायको-मुलं गावी, शेत गावी आणि तो इथे गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोलीत. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण, कारण पाळीप्रमाणे निम्मे कामावर आणि निम्मे झोपलेले. ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ, चूल कुठली मांडणार? शेजारच्या चाळीत एखादी मावशी असे. नवरा आजारी, किंवा गिरणीतून कमी केलेला, किंवा नसलेलाच. पोरं लहान. तिच्याकडे अंगातली ताकद आणि हातची चव एवढंच भांडवल. ती पाच-सहा माणसांचं जेवण करायला लागायची आणि बघता बघता मेंबर वीसवर जायचे. मेंबर हा खास गिरणगावातला शब्द. गिऱ्हाईक म्हणत नसत.

सकाळच्या सातच्या पाळीचा डबा हवा तर मावशी पहाटे तीन-साडेतीनला उठायची. ती पाळी गेली की रातपाळीहून आलेले भुकेले. दुपारी पुन्हा पंगत, रात्री पुन्हा. त्यात पाणी भरायचं, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, बाजार करायचा. कोकणातल्या मेंबराला भात आणि माशाचं कालवण पाहिजे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा. ज्याच्या-त्याच्या गावची चव सांभाळणं हा या धंद्याचा प्राण होता. लालबागची मसाल्याची बाजारपेठ इतकी नावारूपाला आली त्यामागेही, माझ्या मते, हीच ओढ आहे. उन्हाळ्यात त्या गल्लीतून चालताना कुणी मिरच्या निवडत असतं, कुणी धणे भाजून घेत असतं, आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. मालवणी मसाला घेणारी बाई सातारी तिखटाला हात लावत नाही. मी तिथे उगाचच तास-तासभर रेंगाळतो. शेकडो मैलांवरून आलेल्या माणसांनी आपापलं गाव जिभेवर टिकवून धरलं आणि त्याची जबाबदारी खाणावळवाल्या मावश्यांनी उचलली, हे तिथे उभं राहिलं की पटतं.

पण मला खरी भुरळ पडली आहे ती मावशीच्या हिशेबाची.

मेंबर पैसे द्यायचा पगार झाल्यावर, म्हणजे महिनाभर जेवून झाल्यावर. गावी गेला तर खाडे वजा. तोपर्यंतचं धान्य, तेल, मीठ-मिरची मावशी वाण्याकडून उधारीवर आणायची. उधारीवर घेणाऱ्याला भाव चढा आणि माल हलका, तक्रार करायची सोय नाही. वाण्याने हात आखडला की सावकार. मग मणी, डोरलं, पोरीच्या लग्नासाठी जपलेली भांडी, एकेक करून गहाण. आता हेच धंद्याच्या भाषेत मांडून पाहू. गिरणीमालक महिनाभर काम करून घेऊन मग पगार द्यायचा. त्या महिन्यात कामगाराचं पोट चालायचं ते खाणावळवालीच्या खेळत्या भांडवलावर. ते तिने चढ्या व्याजाने उचललेलं आणि मेंबराला बिनव्याजी दिलेलं. म्हणजे मुंबईच्या कापड धंद्याला ज्यांनी पैसा पुरवला, त्यांत दहा बाय बाराच्या खोलीतल्या या बायकाही होत्या. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा आपला औद्योगिक इतिहास नव्याने वाचावासा वाटला.

लालबागच्या एका चाळीत खाणावळ चालवलेल्या एका आजींकडे मी बरेचदा गेलो. वही त्यांचा शाळकरी मुलगा लिहायचा, पण हिशेब त्यांच्या डोक्यात. त्यांचे काही नियम होते. आजारी मेंबराला पेज द्यायची, तिचे पैसे लावायचे नाहीत. बदली कामगाराला काम मिळालं नाही त्या महिन्याची बाकी पुढच्या महिन्यावर ढकलायची. संपात कुणाचंही ताट मागे घ्यायचं नाही. ही दया होती का, असं मी विचारलं, तर त्यांना प्रश्नच आवडला नाही. आज ताट काढून घेतलं तर उद्या काम लागल्यावर तो मेंबर आपल्या दारात कशाला येईल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. माया आणि व्यवहार त्यांनी वेगळे काढलेच नव्हते.

मात्र एकटीने वाहिलेली माणुसकी त्या बाईलाच बुडवते. दहा-वीस दिवसांची उधारी ती पेलू शकते. ४२ दिवसांचा संप तिला कर्जात लोटतो. प्रेमाताईंनी नेमकं हे ओळखलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यात लहान वयातच उतरलेली ही मुलगी मुंबईत येऊन कम्युनिस्ट चळवळीत आणि गिरणी कामगारांत काम करू लागली होती. पती दादा पुरव बँक कर्मचारी संघटनेचे नेते. म्हणजे एका घरात गिरणगाव आणि बँक दोन्ही होते. काळही अनुकूल होता. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७२ मध्ये दुर्बल घटकांना वार्षिक ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आली होती. कागदावर दार उघडं होतं. पण मालमत्ता नाही, तारण नाही, सही येत नाही अशी बाई त्या दारापर्यंत पोहोचणार कशी?

उत्तर चाळीनेच दिलं. शेजारपाजारच्या खाणावळवाल्यांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जायचं. ती अडचणीत असेल तर सावरून घ्यायचं, टाळाटाळ करत असेल तर समज द्यायची. सुरुवातीला १४ जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपयांचं कर्ज मिळालं. त्या रकमेत वाण्याची जुनी बाकी चुकवता येत होती आणि पुढचं धान्य रोखीने, निवडून, भाव करून घेता येत होतं. बायकांनी कर्ज फेडलं, पुन्हा घेतलं, आणि १४ च्या पुढे हजारो जणी आल्या.

या जामिनाचं मोल मला फार वाटतं. बँकेचा अधिकारी कागद तपासतो. शेजारणीला मात्र कुणाचा नवरा पितो, कुणाकडे मेंबर वाढलेत, कोण खोटं बोलणार नाही, हे सगळं माहीत असतं. गिरणगावात ही माहिती पिढ्यान् पिढ्या नळावरच्या गप्पांत वाया जात होती. प्रेमाताईंनी ती तारण म्हणून वापरली. शिवाय त्यांनी या बायकांना मदतीच्या लाभार्थी मानलं नाही. त्या आधीपासूनच धंदा करणाऱ्या होत्या, त्यांना भांडवल हवं होतं. चाळीचाळींतून त्यांच्यातल्याच बायका पुढे आल्या, गट बांधू लागल्या, सही करायला शिकल्या, नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पुढारीपण असं वाटून दिलं की संस्था एका माणसावर टेकून राहत नाही.

इथे थोडं लांब जाऊन येतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल या कापडगिरण्यांच्या गावात २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ जणांनी एक छोटं दुकान उघडलं. त्यांत विणकर बरेच होते. दुकान कशासाठी? भेसळ नसलेलं पीठ, लोणी आणि साखर रास्त भावात मिळावी म्हणून. जगातली आधुनिक सहकारी चळवळ त्या दुकानाला आपला आरंभ मानते. रॉचडेलचा विणकर आणि लालबागची मावशी, दोघांनाही वाण्याच्या हलक्या मालानेच एकत्र यायला भाग पाडलं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात पहिली छोटी कर्जं दिली ती १९७६ मध्ये, म्हणजे अन्नपूर्णेनंतर एक वर्षाने. जग युनूस यांच्या ग्रामीण बँकेची गोष्ट सांगतं. आपण अन्नपूर्णेचीही सांगायला हवी.

आपल्याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातून झालेल्या लिज्जतमध्ये पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालक, नफा वाटून घ्यायचा आणि तोटाही. गिरगाव ते परळ एवढ्याशा पट्ट्यात बायकांनी असे दोन प्रयोग उभे केले. दोन्हींत भांडवल तुटपुंजं होतं आणि दोन्हींत जोखीम सगळ्यांच्या खांद्यावर होती.

१९८२ च्या संपाने अन्नपूर्णेची परीक्षा पाहिली. या वेळी मेंबरच उरला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, गावकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. एकट्या मावशीचा धंदा तिथेच संपला असता. मंडळ होतं म्हणून स्वयंपाकाचं तेच कौशल्य मोठ्या ऑर्डरींकडे, केटरिंगकडे, प्रशिक्षणाकडे वळवता आलं. पारोमिता व्होरा यांनी १९९५ मध्ये या बायकांवर माहितीपट केला. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांमध्ये हेच काम अन्नपूर्णा परिवार म्हणून वाढवलं. छोट्या कर्जांच्या जोडीला पाळणाघरं आली आणि सभासदांनीच एकमेकांना सावरणारी विम्याची योजनाही. उधारीतला धोका दहा जणींत वाटायचा हे सूत्र आजारपण आणि मृत्यू यांच्या खर्चालाही लागू केलं, हा मला त्याचा सर्वांत सुंदर विस्तार वाटतो.

आज करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की गिरण्यांच्या जागी उंच मनोरे दिसतात. श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड टॉवर्स आहेत. त्यांच्या आसपासच्या ऑफिसांना जेवण पुरवणारी पोळीभाजी केंद्रं जुन्या चाळींतूनच चालतात. त्यातल्या एका बाईंकडून मी नेमाने पोळ्या घेतो. चौकातलं गिऱ्हाईक मोबाइलवरून तिथल्या तिथे पैसे देतं, त्याची बाईंना काळजी नाही. त्यांना त्रास होतो तो एका ऑफिसच्या बिलाचा. डबे रोज जातात, पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. बाई गॅस, पीठ, मदतनीस मुलींचा पगार रोखीने भागवतात. पन्नास वर्षांपूर्वीची तीच उधारी, फक्त वहीच्या जागी ईमेल आली आहे. आता मागे गिरणी कामगाराची अडचण नाही, भरपूर पैसे असलेली कंपनी आहे, एवढाच फरक.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, त्यानंतर व्याज लागतं. पण पुढचं काम जाईल या भीतीने लहान माणूस तोंड उघडत नाही. म्हणून करी रोडच्या त्या बाईंना मी सांगतो की या कायद्याखालची उद्यम नोंदणी करा आणि आसपासच्या पाच-सात केंद्रवाल्या मिळून त्या ऑफिसकडे एकच पत्र द्या. एकटीचं पत्र टोपलीत जातं. सगळ्यांचे डबे एकाच दिवशी बंद होऊ शकतात म्हटल्यावर हिशेब खात्याला जाग येते.

आणि जे उद्योग चालवतात, मग तो दहा माणसांचा असो की दहा हजारांचा, त्यांना माझं सांगणं आहे. सहृदय नेतृत्वाची सुरुवात भाषणातून करू नका. तुमच्या साखळीत सगळ्यांत दुबळा माणूस कोण आणि तुमची जोखीम सध्या त्याच्या डोक्यावर किती आहे, ते आधी मोजा. ती वाटून घेण्याची व्यवस्था करा. प्रेमाताईंनी १४ बायकांसाठी तेवढंच केलं, आणि ते पुरलं. येत्या सोमवारी ऑफिसात गेल्यावर हिशेब खात्याला एवढंच विचारा: आपल्याकडे डबा पुरवणाऱ्या बाईंचं बिल किती दिवसांपासून पडून आहे? आणि त्याच दिवशी ते चुकतं करा.