खुनानंतर कुटुंबामागे उभी राहणारी यंत्रणा

खुनात माणूस गमावलेल्या कुटुंबाला भरपाई आणि कायद्याची मदत मिळवून देण्याचे काम भारतात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही यंत्रणा उभी राहिली. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. स्त्रिया आणि मुलांना येथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खुनाचा खटला सरकार चालवते. त्यामुळे मृताचे नातेवाईक पूर्वी साक्षीपुरतेच उरत. 2008 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357-अ आले आणि प्रत्येक राज्याला पीडित भरपाई योजना करणे भाग पडले. पीडिताच्या व्याख्येत वारसांचाही समावेश झाला आणि आरोपी सुटल्यास त्यांना अपिलाचा हक्क मिळाला. 1 जुलै 2024 पासून भरपाईची ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे.

भरपाई शिक्षेवर अवलंबून नाही. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय शिफारस करू शकते. मारेकरी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तर वारस स्वतः अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. घर चालवणारा गेला की निकालापर्यंत थांबण्याची ताकद उरत नाही, म्हणून अंतरिम मदतीचीही सोय आहे. 2014 मध्ये ‘सुरेश विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात अपहरण करून मारलेल्या पिता-पुत्राच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची अंतरिम भरपाई दिली.

सुरतच्या डिंडोलीत हा हक्क प्रत्यक्षात आणताना वेगळ्या अडचणी येतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून यंत्रमाग आणि कापड गिरण्यांच्या कामासाठी आलेली खान्देशी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली भागात स्थिरावली आहेत. अर्जाला एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बँकेचे पासबुक लागते. यातली पोलिसांची कागदपत्रे गुजरातीत असतात. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला ती वाचता येतीलच असे नाही. मृत्यूचा दाखला सुरत महापालिकेचा आणि वारसाचे कागद गावाकडच्या तलाठ्याकडे, असे झाले की दहावे-तेरावे आटोपून परतलेल्या घराला पुन्हा गावी खेटे घालावे लागतात. तेवढ्यात रोजंदारी बुडते, खोलीचे भाडे थकते.

इथेच सेवाभावी संस्थेची गरज भासते. अमेरिकेतील सिनसिनाटीत मुलीच्या खुनानंतर एका दांपत्याने 1978 मध्ये ‘पेरेंट्स ऑफ मर्डर्ड चिल्ड्रन’ ही संघटना सुरू केली; ज्यांनी हे दुःख भोगले तेच तिथे दुसऱ्याला आधार देतात. भारतात प्राधिकरणाचे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक अर्ज भरून देऊ शकतात. मात्र वर्षानुवर्षे प्रत्येक तारखेला सोबत जाणे, मुलांची फी भरणे, गावचा प्रवासखर्च देणे आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे नेणे यांसाठी समाजाचा पैसा आणि वेळ लागतो.

देणगी देणाऱ्याने म्हणूनच एकरकमी मदतीपेक्षा सोबतीच्या या सलग खर्चाला हातभार लावावा. पहिल्या आठवड्यात शेजारपाजारी धावून येतात. भाडे, फी आणि तारखा त्यानंतरही चालू राहतात, आणि कायद्याने दिलेला हक्क पदरात पडेपर्यंत कुटुंबाला टिकून राहावे लागते.