बाटली आडवी कशी होते?



धाटावला गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला, की एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, पगार झाला की आमचे मालक आधी दारूच्या दुकानाकडे वळतात. ते बंद नाही का करता येणार?"

करता येतं. पण नियम नीट समजून घ्या, नाहीतर केलेली मेहनत वाया जाते.

राज्य सरकारचा २५ मार्च २००८ चा आदेश आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद.

आता हिशोब बघा. समजा, यादीत १,००० बायका आहेत. सह्या हव्यात २५०. मतं हवीत निम्म्याहून जास्त, म्हणजे ५०१. मतदानाला ७०० जणी आल्या आणि ४५० जणींनी आडवी बाटली निवडली, तर जिंकलो ना? नाही! टक्केवारी झालेल्या मतांवर नाही, यादीतल्या सगळ्या बायकांवर काढतात. म्हणजे घरी बसलेली बाई दुकानालाच मदत करते.

म्हणून आधी मतदार यादी वाचा. सासरी गेलेल्या लेकी, वारलेल्या आज्या यांची नावं राहिली असतील, तर तीही मोजली जातात. बीएलओकडे अर्ज करून यादी दुरुस्त करून घ्या. नव्या सुनांची नावं घाला. मतदान भातलावणीत आलं, तर कोण कोणाला शेतावरून घेऊन येणार, तेही आधीच ठरवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही पद्धत परवान्याच्या दुकानासाठी आहे. हातभट्टीची तक्रार पोलिसांकडे किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करायची. आणि दुकान बंद झालं म्हणजे काम संपलं, असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांच्या मोठ्या लढ्यानंतर २०१५ मध्ये दारूबंदी झाली, पण २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. आडवी झालेली बाटली पुन्हा उभी राहू शकते.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या वाडीची मतदार यादी घेऊन या. एकेक नाव मिळून वाचू.