कोंबडीविना पिल्ले

ज्यांच्या परसात चार कोंबड्या आहेत त्यांना खुडूक कोंबडी म्हणजे काय, हे सांगायला नको. अंडी घालणे बंद करून ती कोपरा धरून बसते. हात लावू गेले की पिसे फुलवते, चोच मारते. मग घरातली जाणती बाई टोपलीत पेंढा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते आणि एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू येते. हे इतके बिनबोभाट होते, की कोंबडी काही काम करते आहे असे आपल्याला वाटतच नाही. मला ते कळले तिचे काम पेटीकडे सोपवल्यावर. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पहिल्या खेपेस माझ्या हिशेबात चोवीस अंड्यांची सहाच पिल्ले झाली. का, ते पुढे सांगतो.

तुम्ही म्हणाल, कोंबडी असताना पेटी कशाला? खुडूक कोंबडी घरी असेल तर खरोखरच पेटीची गरज नाही. पण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, आणि पिल्ले मागे असेपर्यंतही देत नाही. शिवाय भरपूर अंडी देणाऱ्या सुधारित जाती सहसा खुडूक बसतच नाहीत. पेटी उपयोगी पडते ती इथे.

कोंबडीची कामे चार: ऊब देणे, ओल राखणे, हवा खेळती ठेवणे आणि अंडी फिरवणे. पैकी ऊब सर्वांत महत्त्वाची. पेटीत पंखा असेल तर तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल तर ऊब वर साठते. म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर धरून ते एखादा अंश जास्त ठेवावे. खोक्याची पेटी घरी करणार असाल तर थर्मोस्टॅट हवाच, आणि बल्ब जुन्या तारेचा हवा. एलईडीचा दिवा उजेड देतो, पुरेशी ऊब देत नाही. वायर आणि पाणी एकाच पेटीत असते, तेव्हा जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

दुसरी गोष्ट ओल. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. शेवटी पिल्लू पहिला श्वास घेते तो याच पोकळीतला. पेटी फार कोरडी असेल तर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. फार ओली असेल तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू गुदमरते. म्हणून पसरट भांड्यात पाणी ठेवून पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के राखावी, आणि शेवटचे तीन दिवस पासष्टच्या वर न्यावी. हवेसाठी पेटीला भोके हवीत; गर्भ कवचातूनच श्वसन करत असतो.

चौथे काम फिरवण्याचे. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या अंड्यात गर्भ वर येऊन पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते. म्हणून पेन्सिलीने एका बाजूस फुली, दुसऱ्या बाजूस गोळा काढावा, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी उलटावी. फेऱ्या विषम असल्या म्हणजे रात्रीची मोठी विश्रांती दर वेळी एकाच कुशीवर होत नाही. अठराव्या दिवसानंतर मात्र फिरवणे बंद.

अंडी निवडताना एक ध्यानात ठेवा. दुकानातल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण त्या कोंबड्यांबरोबर कोंबडाच नसतो. कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली, स्वच्छ पण न धुतलेली अंडी घ्यावीत. सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर अंडे धरून पाहावे. तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर आत जीव आहे. अंडे नितळ दिसले तर ते वांझ. वांझ आणि मेलेली अंडी काढून टाकावीत. ती कुजून पेटीत फुटू शकतात.

वीज गेली तर घाबरू नये. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठतेच. झाकण न उघडता, हवेची भोके मोकळी ठेवून पेटीवर घोंगडी टाकावी. थोड्या वेळाच्या गारव्यापेक्षा अंड्याला जादा उष्णतेचे भय अधिक.

आता माझ्या सहा पिल्लांची गोष्ट. पारखणीत पाच अंडी वांझ निघाली, एकोणीस उरली. विसाव्या दिवशी काहींना टवके गेले. मुले भोवती जमली. दोन तास गेले, चार गेले, पिल्ले बाहेर येईनात. मला राहवेना. मी झाकण उघडले, एकाचे कवच नखाने सोलू लागलो, मग दुसऱ्याचे. दर वेळी आतली ओलसर हवा निघून जात होती आणि पापुद्रे सुकत होते. दुसऱ्या दिवशी तेरा अंड्यांत पुरती वाढलेली पिल्ले मेलेली सापडली. यंत्र बिघडले नव्हते, वीज गेली नव्हती. टवका गेल्यापासून बाहेर यायला पिल्लाला बारा ते चोवीस तास लागू शकतात, एवढेच मला ठाऊक नव्हते. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर जन्मानंतर दिवस-दोन दिवस दाण्यावाचूनही निभते. म्हणून पिल्ले सुकून फुलेपर्यंत पेटीतच राहू द्यावीत.

शिक्षक मित्रांना दोन शब्द. शाळेत हा प्रयोग जरूर करा. तापमान, आर्द्रता आणि फेऱ्या मुलांकडून वहीत लिहून घ्या, आणि अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवायला लावा. पण अंड्याला रविवारची सुटी नसते, तेव्हा त्या दिवशीची पाळी आधीच ठरवा. आणि बाविसाव्या दिवसाचा विचार पहिल्या दिवशी करा. पिल्लांना पहिला आठवडा पस्तीस अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे ती हळूहळू कमी करायची. मानमोडीची लस पशुवैद्यकांना विचारून पहिल्या आठवड्यातच द्यावी. निम्मे नर निघणार, तेही कोण नेणार हे ठरलेले असावे. ही सोय नसेल तर अंडी पेटीत ठेवूच नयेत.

दुसऱ्या खेपेस मी पेटीला दोरी बांधली आणि गाठीची जबाबदारी आईकडे दिली. चोवीसांतली सतरा पिल्ले निघाली.