झीरो फ्लॅग कोण बदलतं?

डिप्लोमाच्या लॅबमध्ये आमच्या वाट्याला ८०८५चं किट आलं. सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले आणि हेक्स कीपॅड, एवढाच पसारा. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, मग तक्त्यात ऑपकोड शोधून एकेक बाइट टिपायचा. इंटेलनं १९७६ साली काढलेल्या या प्रोसेसरवर लूप हवा असेल तर तो उडी मारूनच बांधावा लागतो.

पाच संख्यांची बेरीज घ्या. सी रजिस्टरमध्ये ०५ भरायचे. एचएल जोडी ज्या पत्त्यावर बोट ठेवते तिथली संख्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये मिळवायची, एचएल एकानं पुढं सरकवायची, डीसीआर सीनं मोजणी एकानं उतरवायची. मग जेएनझेड: शून्य आलं नसेल तर परत वर. किटमध्ये ही उडी सी२ ०६ २० अशी भरतात. पत्ता २००६, पण खालचा बाइट आधी. उलटा भरला की प्रोसेसर ०६२० वर भलतीकडेच भरकटतो.

मात्र जेएनझेड सी रजिस्टरकडे बघतच नाही. तो बघतो झीरो फ्लॅगचा एक बिट. मला हे उमगलं एका फसलेल्या डिलेमुळं. एलईडी सावकाश लुकलुकायला हवे होते आणि २५५ फेऱ्या तीन मेगाहर्ट्झवर सव्वा मिलिसेकंदाच्या आतच संपत होत्या. म्हणून बीसी जोडीत एफएफएफएफ भरलं, डीसीएक्स बी लिहिलं, खाली जेएनझेड. कधी एलईडी गोठून राहायचे, कधी सगळे एकदम पेटल्यासारखे दिसायचे. अख्खी दुपार मी वायरिंग तपासलं. शेवटी सिंगल स्टेपनं चालवत एकेक रजिस्टर पाहिलं. बीसी इमानदारीत उतरत होतं, झीरो फ्लॅग मात्र जागचा हलत नव्हता. डीसीएक्स त्याला हातच लावत नाही! आधीच्या कुठल्यातरी सूचनेनं जे मागं ठेवलं, त्यावरच माझी उडी ठरत होती.

मध्ये दोन सूचना घातल्या: एमओव्ही ए,बी आणि ओआरए सी. दोन्ही बाइट शून्य असले तरच ओआरचं उत्तर शून्य येतं आणि फ्लॅग सेट होतो. एका फेरीला २४ टी-स्टेट, ६५,५३५ फेऱ्या. एलईडी अर्ध्या सेकंदाला डोळा मिचकावू लागले. यात अ‍ॅक्युम्युलेटर खर्ची पडतो, म्हणून एलईडीचा पॅटर्न डी रजिस्टरमध्ये जपून ठेवावा.

किट हाताशी असेल तर सी रजिस्टरमध्ये ०५ऐवजी ०० भरून तोच बेरजेचा लूप चालवून बघा. आधी वजाबाकी, नंतर तपासणी. त्यामुळं तो २५६ वेळा फिरतो.