अंगावरचे दूध : उणे, अधिक आणि पुरेसे

बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या काही दिवसांत जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, तो 'दूध पुरते ना?' हा होय. बाळ रडले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आईकडे पाहतात, आईचा धीर सुटतो, आणि लवकरच वरच्या दुधाची बाटली घरात येते. हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या उणिवेवर हा उपाय योजिलेला असतो, ती उणीव पुष्कळदा त्या उपायामुळेच उत्पन्न होते. असे का व्हावे, हे कळण्यासाठी दूध तयार कसे होते ते प्रथम पाहिले पाहिजे.

स्तन म्हणजे एकदा भरून ठेवलेले आणि हळूहळू रिते होणारे भांडे नव्हे. वार पडल्यानंतर मातेच्या रक्तातील अंतःस्रावांचे प्रमाण पालटते आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येऊ लागते. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन द्रव्ये रक्तात उतरतात. पहिले प्रोलॅक्टिन, ते दूध निर्माण करविते. रात्री त्याचे प्रमाण अधिक असते, म्हणूनच रात्रीचे पाजणे टाळणे हिताचे नसते. दुसरे ऑक्सिटोसिन, ते दूध तयार करणाऱ्या पेशींभोवतीचे सूक्ष्म तंतू आवळून दूध पुढे लोटते. यालाच मराठीत पान्हा फुटणे म्हणतात. बाळाच्या नुसत्या रडण्यानेही पान्हा फुटतो. उलट वेदना, भीती व टोचून बोलणे यांनी तो काही काळ अडतो. याखेरीज प्रत्येक स्तनाचा आपला स्वतंत्र हिशेब असतो. तुडुंब भरून राहिलेल्या स्तनात निर्मिती मंदावते. वारंवार रिकामा होणाऱ्या स्तनात ती वाढते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते, त्यामुळे निचरा कमी होतो, आणि दूधही कमी येऊ लागते.

प्रारंभी येणारा दाट, पिवळसर चीक पहिल्या दिवशी काही चमचेच भरतो. हे अल्पत्व निसर्गयोजित आहे. नवजाताचे पोटही तेवढेच लहान असते, आणि चिकातील रोगप्रतिकारक द्रव्यांचे मोल मोठे असते. म्हणून चीक पिळून टाकण्याची जुनी चाल सर्वस्वी त्याज्य होय. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मध, गुटी, साखरेचे पाणी यांना त्यात स्थान नाही. मधाने तर एक वर्षाच्या आतील बालकास क्वचित् पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरविता येत नाही. सायंकाळी बाळ तासातासाला मागते, काही आठवड्यांनी स्तन मऊ लागू लागतात, पिळून पाहिले असता थोडेच दूध निघते. यांपैकी एकही गोष्ट उणिवेचा पुरावा नव्हे. खरा पुरावा लंगोटात आणि तराजूत असतो. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिणारे, गिळण्याचा आवाज ऐकू येणारे, पाचव्या दिवसानंतर दररोज निदान सहा लंगोट भिजविणारे व पिवळे, पातळसर शौच करणारे बाळ सामान्यतः पोटभर पीत असते. जन्मानंतर वजन थोडे उतरते. ते दहा ते चौदा दिवसांत, म्हणजे बारशाच्या सुमारास, पूर्ववत् झाले पाहिजे. वजनातील घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली, बाळ सुस्त पडून पाजण्यासाठीही जागे होईना, लघवी कमी झाली किंवा कावीळ वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

दोन्ही बाजूंस दूध सारखे असावे, ही अपेक्षाही चुकीची आहे. एक बाजू अधिक व दुसरी उणी, हे बहुसंख्य स्त्रियांत आढळते. भुकेले बाळ आरंभी जोराने ओढते. म्हणून उण्या बाजूने सुरुवात करावी आणि पाजून झाल्यावर त्या बाजूचे दूध हाताने वा यंत्राने थोडे काढावे. बाळ त्या बाजूस नाखूष असेल, तर त्याला धरण्याची रीत बदलून पाहावी. तोंड मोठे उघडून केवळ बोंडीच नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, आणि हनुवटी स्तनास टेकली पाहिजे. पाजताना सतत वेदना होणे हे पकड चुकल्याचे चिन्ह होय. एक बाजू कायमची उणी राहिली, तरी दोहोंची बेरीज पुरेशी असल्यास चिंतेचे कारण नाही.

अधिक दूध येणाऱ्या मातेचा त्रास मात्र दुर्लक्षिला जातो. जोराच्या धारेने बाळ ठसकते, स्तन दाटून ठणकतात. अशा वेळी आईने मागे रेलून पाजावे व आराम पडेल एवढेच दूध काढावे. पुनःपुन्हा पूर्ण रिते केल्यास निर्मिती आणखी वाढते. गाठ जोराने चोळू नये; थंड पट्टीने सूज उतरते. तांबूसपणा व ताप आल्यास डॉक्टरांकडे जावे, परंतु पाजणे सहसा थांबवू नये.

खरी उणीव नसतेच, असे नाही. प्रसूतीतील मोठा रक्तस्राव, वारेचा अंश आत राहणे, थायरॉइडचा विकार, स्तनावरील शस्त्रक्रिया ही त्याची कारणे असू शकतात. तेव्हा पूरक दूध देण्यात आईचा कमीपणा नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने व वाटी-चमच्याने द्यावे, आणि अंगावर पाजणे चालू ठेवावे. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी अर्भकांसाठी मातृदुग्धपेढ्याही आहेत. आशियातील पहिली पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. बालकांच्या कृत्रिम दुधाची व बाटल्यांची जाहिरात करण्यास भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

अळिवाचे लाडू, डिंक, खसखस हे पदार्थ बाळंतिणीस अवश्य द्यावेत. ते पौष्टिक आहेत. परंतु बाळाच्या ओढण्याचे काम त्यांनी होत नाही. आईला वारंवार पाजता यावे, यासाठी तिची झोप, तिचे वेळेवरचे जेवण आणि रात्रीचे लंगोट बदलण्याचे काम घरातील इतरांनी, विशेषतः बाळाच्या वडिलांनी, आपल्याकडे घेतले पाहिजे. दूध पुरते का, हा प्रश्न एकट्या आईला विचारण्याचा नाही; त्याच्या उत्तराचा बराच भाग घरातील इतर माणसांच्या हाती असतो.