हिवतापाच्या गोळीमागचे ग्लुटाथायोन

ग्लुटाथायोन हे नाव आज मीरा रोड-भाईंदरमध्ये ऐकू येते ते गोरेपणाच्या सलाइनमुळे. या खाडीकाठच्या प्रदेशाशी त्याचा जुना संबंध मात्र हिवतापातून आला, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी आपल्या पेशी स्वतःच तयार करतात. 1921 साली केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स यांनी ती वेगळी काढली. त्यांना ती दोनच आम्लांची वाटली. तिसरे 1929 मध्ये हाती लागले. तिचे मोल लख्ख कळले ते तुरुंगात. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये कैद्यांना प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध देऊन चाचण्या चालत (आज तशी परवानगी कोणी देणार नाही). गोळी घेतल्यावर काहींची लघवी काळसर होई, रक्त झपाट्याने उतरे. त्यांच्या तांबड्या पेशींत ग्लुटाथायोन कमी असल्याचे 1955 मध्ये अर्नेस्ट ब्यूटलर यांना आढळले. पुढच्याच वर्षी मूळ दोष सापडला: जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव.

औषधामुळे पेशीत पेरॉक्साइड वाढते. ग्लुटाथायोन ते निकामी करते, पण त्या झटापटीत त्याचे दोन रेणू एकमेकांना जखडतात. त्यांना सोडवायला जी-सिक्स-पीडीमुळे बनणारे एनएडीपीएच लागते. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रियाच नसल्याने तिची सारी भिस्त या एका विकरावर. तो कमी पडला की हिमोग्लोबिन बिघडते आणि पेशी फुटते. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या बाळाला कावीळ झाली, तर डॉक्टर नॅफ्थलीनचीही चौकशी करतात ती याचसाठी.

मुंबईत ही उणीव 1961 मध्ये बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी नोंदवली. 1984 मध्ये तिच्या एका प्रकाराला चक्क कल्याणचे नाव मिळाले. म्हणजे उल्हास नदीने भाईंदरच्या वरच्या अंगाचे गाव. ‘कल्याण’ आणि ‘केरळ’ हे वेगळे मानलेले प्रकार एकच आहेत, हे 1992 मध्ये कळले. दोन्हींत विकराच्या 317व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आहे.

व्हायवॅक्स हिवताप यकृतात दडून पुन्हा उठतो, म्हणून प्रायमाक्विन आजही सहसा 14 दिवस घ्यावे लागते. 2018 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले टॅफेनोक्विन एकाच मात्रेत काम करते. पण ते शरीरात बराच काळ राहते, त्रास झाला तरी मागे घेता येत नाही. त्यामुळे आधी विकर मोजावाच लागतो. त्यातही अडचण आहे. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने वाहक स्त्रीच्या रक्तात धडक्या आणि उण्या अशा दोन्ही पेशी असतात, आणि साध्या चाचणीत ती निर्दोष ठरू शकते.